ठिबकाच्या नळीतील गाळकणांचा प्रवास

नळीला पाणी आले म्हणजे झाडाला पाणी मिळाले, असे समजण्याचा प्रघात आहे. ठिबक सिंचनाच्या बाबतीत ही समजूत पुष्कळदा फसवी ठरते. पंप चालू असतो, दाबमापकाचा काटा योग्य जागी असतो, उपनळीच्या तोंडाजवळची झाडे टवटवीत असतात. आणि त्याच उपनळीच्या शेवटची झाडे मात्र हळूहळू पिवळी पडत जातात. शेतकरी खत बदलतो, औषध फवारतो, रोपवाटिकेला दोष देतो. खरा दोष डोळ्यांना न दिसणाऱ्या गाळकणांचा असतो. हे कण नळीतून कसे वाहतात, कोठे थांबतात व तेथे ठाण मांडून का बसतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभी स्वतःच्या चुकीची कबुली देणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यातील एका गावी डाळिंबाची बाग पाहण्याचा प्रसंग आला. बागेला शेततळ्यातून पाणी होते. प्रत्येक उपनळीच्या शेवटच्या आठदहा झाडांना पाणी कमी पडत होते व त्यांची फळे तडकू लागली होती. तोट्या चोंदल्या आहेत हे उघड होते. विहिरींच्या क्षारयुक्त पाण्याचा अनुभव ताजा असल्यामुळे, फारशी चौकशी न करता मी आम्लप्रक्रियेचा सल्ला दिला. आम्ल आणले गेले, सोडले गेले, पैसा व दोन आठवडे खर्ची पडले. पण तोट्या होत्या तशाच राहिल्या. शेवटी एक तोटी चाकूने उभी चिरून पाहिली. आत क्षार नव्हताच. काळसर, तुळतुळीत चिकणमाती दाटून बसली होती. चिकणमाती आम्लात विरघळत नाही, हे कृषी पदवीधराला कोणी सांगावयास नको होते. बागेचे मालक वृद्ध गृहस्थ होते. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, पाणी नळीच्या तोंडाशी पळतंय आन् शेवटाला निजतंय. निजलेल्या पाण्यातच गाळ बसणार की!" या एका वाक्यात या विषयाचे सारे शास्त्र सामावलेले आहे. पुढील विवेचन म्हणजे त्या वाक्याचाच विस्तार होय.

कण केवढे, वाट केवढी

मातीचे कण आकारानुसार तीन वर्गांत मोडतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे २ मि.मी. ते ०.०२ मि.मी. व्यासाच्या कणांस वाळू म्हणतात. यातच जाड व बारीक वाळूचा समावेश होतो. ०.०२ ते ०.००२ मि.मी. पर्यंतचे कण म्हणजे पोयटा. त्याहूनही बारीक ती चिकणमाती. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ०.०७ मि.मी. असते, हे ध्यानात घेतले म्हणजे पोयट्याच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल.

आता तोटीकडे वळू. तोटीच्या पोटात एक नागमोडी, दातेरी वाट असते. तिची रुंदी सामान्यतः अर्धा ते दीड मि.मी. असते. वाट १ मि.मी. रुंदीची धरली, तर चिकणमातीचे ०.००२ मि.मी. चे ५०० कण एका ओळीत लावावे तेव्हा ती रुंदी भरेल. मग एवढ्या मोठ्या वाटेत एवढासा कण अडतो कसा, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर असे की, तोटी बहुधा एका मोठ्या कणाने बंद होत नाही. अनेक लहान कणांच्या संगनमताने बंद होते. हे संगनमत कोठे व केव्हा जमते ते समजण्यासाठी कणांचा बुडण्याचा वेग प्रथम पाहिला पाहिजे.

बरणीची परीक्षा

काचेच्या उभ्या बरणीत शेततळ्याचे पाणी घेऊन ते ढवळावे व बरणी स्थिर ठेवावी. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात १० सें.मी. खाली बुडण्यास ०.१ मि.मी. च्या वाळूकणास सुमारे १२ सेकंद लागतात. ०.०२ मि.मी. च्या कणास तेवढ्याच अंतरासाठी जवळजवळ ५ मिनिटे लागतात. ०.००२ मि.मी. च्या कणास मात्र तब्बल ८ तास लागतात. मृद्‌परीक्षेच्या प्रयोगशाळेत मातीतील वाळू, पोयटा व चिकणमाती यांचे प्रमाण याच हिशेबाने काढले जाते.

यामागील नियम असा की, कणाचा व्यास निम्मा झाला, तर त्याचा बुडण्याचा वेग एकचतुर्थांश होतो. व्यास एकदशांश झाला, तर वेग शतांश होतो. हा नियम जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. उन्हाळ्यात पाणी कोमट असते, त्यामुळे त्याची चिकटाई कमी होऊन कण थोडे लवकर बुडतात. पण प्रमाण तेच राहते.

अत्यंत सूक्ष्म, म्हणजे ०.००१ मि.मी. हूनही लहान असलेले कण तर जवळपास बुडतच नाहीत. पाण्याचे अणुरेणू त्यांना सर्व बाजूंनी अखंड धक्के देत असतात व त्यामुळे ते थरथरत, भरकटत राहतात. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये ही हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली व १९०५ मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी तिची गणिती मीमांसा केली. पावसाळ्यात कालव्याचे पाणी आठ दिवस ठेवले तरी निवळत नाही, याचे एक कारण हेच होय. दुसरे कारण असे की, चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युत्‌भार असतो व समान भाराचे कण एकमेकांस दूर लोटतात. ही गोष्ट पुढे खतांच्या संदर्भात उपयोगी पडणार आहे.

नळीत पाणी कसे वाहते

पाटाचे पाणी पाहिले तर मध्यभागी ते वेगाने जाते व काठाशी रेंगाळते. नळीतही तेच घडते. अगदी भिंतीला टेकलेले पाणी जवळपास स्थिर असते. संथ प्रवाहात नळीच्या अक्षावरील पाण्याचा वेग सरासरीच्या दुप्पट असतो. बारीक नळ्यांतून द्रव कसा वाहतो याचा सूक्ष्म अभ्यास ज्यां पॉयसेय या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास केला. शरीरातील बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसे वाहते, हे त्यास जाणून घ्यावयाचे होते. त्याने शोधलेला नियम आज ठिबकाच्या नळीसही लागू पडतो.

प्रवाहाच्या दोन तऱ्हा असतात. पहिली संथ प्रवाहाची. यात पाण्याचे थर एकमेकांत न मिसळता सरकत राहतात. दुसरी खळबळीच्या प्रवाहाची. यात सर्वत्र भोवरे उठतात व थर राहत नाहीत. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स याने १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून हा भेद दाखवून दिला. वेग कमी असताना रंगाची रेघ दोऱ्यासारखी सरळ राहिली. वेग वाढताच ती विस्कटून सारे पाणी रंगले. खळबळीचा प्रवाह तळाशी आलेला कण पुन्हा वर उचलतो. संथ प्रवाहात ही उचल मिळत नाही आणि जड कण खाली बसत जातो.

तोंडापासून शेवटापर्यंत

आता एका प्रत्यक्ष उपनळीचा हिशेब मांडू. उपनळीचा आतील व्यास १४ मि.मी. आहे, तिच्यावर १०० तोट्या आहेत व प्रत्येक तोटी ताशी ४ लिटर पाणी देते, असे धरू.

नळीच्या तोंडातून ताशी ४०० लिटर पाणी आत शिरते. तेथे पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७२ सें.मी. भरतो. प्रवाह खळबळीचा असतो. पोयटाच काय, बारीक वाळूसुद्धा त्याबरोबर वाहत जाते. प्रत्येक तोटीपाशी ४ लिटर पाणी कमी होते व तितक्या प्रमाणात वेग मंदावतो. शेवटून विसाव्या तोटीच्या आसपास वेग इतका उतरतो की, खळबळ संपून प्रवाह संथ होतो. अगदी शेवटच्या टप्प्यात नळीतून फक्त एका तोटीचे पाणी जाते. तेथील वेग सेकंदाला अवघा ७ मि.मी. असतो. मुंगीसुद्धा याहून वेगाने चालते!

याच टप्प्यात ०.०२ मि.मी. चा एक कण नळीच्या छतालगत आहे असे माना. तो तळाशी बुडण्यास सुमारे ४० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पाणी पुढे सरकते सुमारे २८ सें.मी. दोन तोट्यांमध्ये ६० सें.मी. अंतर असेल, तर हा कण पुढची तोटी येण्याच्या आतच तळाशी पडतो. तोंडाशी असताना मात्र तेवढ्याच वेळात पाणी जवळजवळ २९ मीटर गेलेले असते व वाटेत भोवऱ्यांनी कणास वारंवार उचललेले असते. उपनळीचा शेवट आधी का चोंदतो, या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

चिकणमातीची गोष्ट थोडी निराळी आहे. पाणी चालू असताना ती सहसा बसत नाही. पण पंप बंद झाला की नळीतील पाणी निश्चल होते. १४ मि.मी. खोलीतून चिकणमातीचा ०.००२ मि.मी. चा कण सुमारे एका तासात तळ गाठतो. दोन पाळ्यांमध्ये एक दिवसाचे अंतर असेल, तर बरीचशी चिकणमाती तळाशी साचून चिकट थर बनते. वीज वरचेवर जात असेल, तर ही संधी तिला दिवसातून अनेकदा मिळते. दुसऱ्या दिवशी पंप चालू होताच हा थर खपल्याखपल्यांनी सुटतो आणि तोट्यांच्या तोंडी जाऊन पडतो.

चिंचोळ्या वाटेतील प्रवास

तोटीच्या आत शिरल्यावर परिस्थिती एकदम पालटते. ताशी ४ लिटर पाणी १ मि.मी. रुंद व १ मि.मी. खोल वाटेतून जावयाचे, म्हणजे वेग सेकंदाला १ मीटरहून अधिक होतो. जे पाणी नळीच्या शेवटी निजले होते, ते येथे धावू लागते. तेव्हा मुख्य धारेत सापडलेला कण सहसा बाहेर फेकला जातो. धोका धारेत नसून धारेच्या कडेला असतो.

चिंचोळ्या वाटेतील कणांच्या वागणुकीविषयी एक महत्त्वाचा शोध १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील सेग्रे व सिल्बरबर्ग या शास्त्रज्ञांनी, द्रवाइतक्याच घनतेचे, त्यात तरंगणारे लहान गोल कण सरळ नळीतून संथ प्रवाहाने सोडले. आरंभी कण सर्वत्र सारखे पसरलेले होते. पुढे जाता जाता ते आपोआप सरकले व एका कड्यात जमा झाले. हे कडे नळीच्या मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे सहा दशांश अंतरावर होते. कण मध्यभागीही राहिले नाहीत व भिंतीलाही चिकटले नाहीत. वेगातील फरकामुळे कण मध्यापासून बाहेर ढकलला जातो. भिंत जवळ आली की ती त्यास परत आत लोटते. दोन्ही रेटे सारखे होतात तेथे कण स्थिरावतो. कण वाटेच्या मानाने जितका मोठा व प्रवाह जितका वेगवान, तितका हा रेटा जोरदार असतो. आज याच तत्त्वावर प्रयोगशाळांत अतिसूक्ष्म वाटांमधून रक्तपेशी वेगळ्या केल्या जातात.

शेतकऱ्याने यातून घ्यावयाचा बोध असा: प्रवाहाचा जोर असेल तोवर प्रवाह स्वतःच जरा मोठ्या कणास भिंतीपासून दूर राखतो. जोर गेला की ही राखण संपते व कणाचे वजन त्यास खाली ओढते. अतिसूक्ष्म चिकणमातीवर मात्र हा रेटा नाममात्र चालतो. पाणी नेईल तिकडे ती जाते.

आणि पाणी तिला कोपऱ्यात नेते. तोटीची वाट सरळ नसून दातेरी असते. पाण्याचा दाब मोडावा व थेंबथेंब पाणी पडावे, यासाठी ही रचना मुद्दाम केलेली असते. केवळ सूक्ष्म छिद्र ठेवूनही थेंब पाडता येतो. परंतु असे छिद्र लगेच चोंदते. म्हणून इस्रायलमधील अभियंता सिम्हा ब्लास याने रुंद पण लांबलचक, वळणावळणाच्या वाटेतून पाणी नेऊन घर्षणाने त्याचा जोर कमी करण्याची युक्ती योजली. १९६५ पासून ती व्यापारी प्रमाणावर वापरात येऊ लागली. अर्थात ठिबकाच्या आजच्या तोटीचा जन्मच मुळी चोंदण्याच्या भीतीतून झालेला आहे. तथापि प्रत्येक दात्याच्या मागे एक लहानसा आडोसा तयार होतो. ओढ्याच्या वळणावर, धारेच्या बाजूला पाणी जसे गोल गोल फिरत राहते, तसे ते या आडोशात फिरते. त्यात सापडलेली चिकणमाती फिरता फिरता भिंतीस लागते व चिकटते. तिच्यावर दुसरा कण, त्यावर तिसरा, असा थर चढत जातो आणि धारेची वाट आकुंचित होते.

वाट बंद कशी होते

पाभरीने पेरणी करणाऱ्यास एक अनुभव निश्चित असतो. चाड्याची भोके दाण्याहून मोठी असतात. तरीही मूठ एकदम सोडली तर दाणे एकमेकांस अडवून कमान धरतात व नळी बंद पडते. दाणे बेताने सोडले तर एकही अडत नाही. तोटीच्या वाटेतही नेमके असेच होते. एकेकटे आलेले कण निघून जातात. घोळक्याने आलेले कण कमान धरतात. म्हणूनच, तोटीच्या सर्वांत अरुंद वाटेच्या एकदशांशाहून मोठे कण गाळणीत अडवावेत, असा नियम घालून दिलेला आहे.

वाट बंद होण्याची कारणे तीन प्रकारची असतात व पुष्कळदा ती एकत्र येतात. वाळू, पोयटा व चिकणमाती यांमुळे होणारी चोंदण हा पहिला प्रकार. पाण्यातील चुना, लोह अथवा खतांचे क्षार साकळल्याने होणारी चोंदण हा दुसरा. शेवाळ व जिवाणूंच्या बुळबुळीत थरामुळे होणारी चोंदण हा तिसरा. यांपैकी तिसरा प्रकार पहिल्याचा मोठा मदतनीस आहे. जिवाणूंचा चिकट थर भिंतीवर बसला, की एरवी निसटून जाणारी चिकणमाती त्यात माशीसारखी अडकते.

खतांविषयी विशेष सावधगिरी हवी. चिकणमातीचे कण विद्युत्‌भारामुळे एकमेकांस दूर ठेवतात, हे वर सांगितले आहे. गढूळ पाण्यात खताचे क्षार मिसळले, की हा दुरावा नाहीसा होऊन कणांचे पुंजके बनतात. सुटे असताना जे कण सहज निघून गेले असते, ते पुंजक्याच्या रूपाने अडून बसतात. शिवाय चुनखडीयुक्त पाण्यात स्फुरदयुक्त खत सोडल्यास त्याचा न विरघळणारा साका होतो. कॅल्शियम नायट्रेट व स्फुरदयुक्त खत तर एका टाकीत कधीही मिसळू नये.

गाळ ओळखण्याची रीत

उपाय करण्यापूर्वी गाळाची जात ओळखणे अगत्याचे आहे. ही पायरी गाळल्यामुळेच माझी फसगत झाली. कार्यकर्त्यांनी पुढील रीत अवलंबावी.

१. उपनळीचे शेवटचे तोंड उघडून पहिले पाणी पांढऱ्या भांड्यात धरावे. दोन-तीन चोंदलेल्या तोट्या काढून उभ्या चिराव्यात.

२. बरणीची परीक्षा करावी. पाच मिनिटांत १० सें.मी. पाणी निवळले तर गाळ वाळूचा. आठ तासांनी निवळले तर पोयट्याचा. त्यानंतरही गढूळ राहिले तर चिकणमातीचा समजावा.

३. तोटीतील साका पांढरा व खरखरीत असेल, तर त्यावर पातळ आम्लाचा थेंब टाकावा. फसफसून बुडबुडे आले तर तो चुन्याचा क्षार होय. तांबूस साका लोहाचा असतो.

४. बोटांना बुळबुळीत लागणारा, कुजकट वासाचा थर शेवाळ व जिवाणूंचा असतो.

उपाययोजना

पाणी उचलताना: शेततळ्याच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह ठेवू नये. पिंप अथवा तराफ्याच्या आधाराने तो पाण्याच्या पृष्ठभागाखाली दोन फुटांच्या आसपास लोंबता ठेवावा. वरचे पाणी निवळलेले असते, हा बरणीच्या परीक्षेचाच धडा होय. अगदी पृष्ठभागालगतही तो नसावा. तेथे शेवाळ तरंगते.

गाळण्या: विहिरीतून वाळू येत असेल तर हायड्रोसायक्लोन बसवावा. तो पाण्यास गरगर फिरवून जड वाळू बाजूस काढतो. पण हलके शेवाळ व चिकणमाती त्यास दाद देत नाही. शेततळे, कालवा व नदीच्या पाण्यासाठी वाळूची गाळणी आवश्यक आहे व तिच्यापुढे जाळीची अथवा चकत्यांची गाळणी हवी. गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक स्वच्छ अवस्थेतील फरकाहून चौरस सें.मी. ला ०.३ ते ०.५ किलोग्रॅमने वाढला, की वाळूची गाळणी उलट्या प्रवाहाने धुवावी. जाळीची गाळणी उघडून स्वच्छ करावी.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. गाळणी बसवली म्हणजे सर्व गाळ अडला, असे नव्हे. १२० मेशच्या जाळीचे छिद्र सुमारे ०.१३ मि.मी. चे असते. त्यातून पोयटा व चिकणमाती खुशाल पार होतात. त्यांना अडवणे हे जाळीचे कामच नव्हे. जे गाळणीतून सुटते ते नळीत साचते व ते नळीच्या शेवटातून बाहेर काढलेच पाहिजे.

नळ्या धुणे: हा सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. आधी गाळणी, मग मुख्य नळी, त्यानंतर उपमुख्य नळी व सर्वांत शेवटी उपनळ्या, हा क्रम पाळावा. क्रम उलटा झाला, तर मुख्य नळीतील गाळ धुतलेल्या उपनळ्यांत येऊन बसतो. शेवटाच्या टोप्या काढताना एका वेळी चारपाचच उपनळ्या उघडाव्यात. सगळ्या एकदम उघडल्यास पाणी वाटले जाऊन कोणत्याच नळीत जोर राहत नाही आणि गाळ जागचा हलत नाही. नळीतील वेग सेकंदाला निदान ३० सें.मी. हवा. तो मोजण्यास यंत्र लागत नाही. १४ मि.मी. आतील व्यासाच्या उपनळीच्या उघड्या तोंडाखाली एक लिटरचे माप धरावे. ते २० सेकंदांच्या आत भरले तर वेग पुरेसा आहे. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणे चालू ठेवावे. विहिरीच्या स्वच्छ पाण्यासाठी पंधरवड्यातून एकदा व गढूळ पाण्यासाठी आठवड्यातून एकदा नळ्या धुवाव्यात. पाणी काही दिवस बंद राहिले असल्यास पुन्हा चालू करताना प्रथम धुणे करावे.

मांडणी: आत तोट्या बसवलेली नळी अंथरताना तोट्यांची छिद्रे आकाशाकडे ठेवावीत. गाळ तळाशी सरकतो. छिद्र खाली असेल तर तो थेट तोटीत उतरतो. जमिनीखाली पुरलेल्या नळ्यांवर हवेची झडप अवश्य बसवावी. पंप बंद होताच नळीत ओढ निर्माण होऊन तोटीतून बाहेरची माती आत खेचली जाते, ती या झडपेमुळे टळते.

आम्लप्रक्रिया: ही केवळ क्षारांसाठी आहे. एक लिटर पाण्यात थोडे थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळून, सामू ४ होण्यास किती आम्ल लागते ते सामूदर्शक कागदाने ठरवावे व त्या प्रमाणात ते गाळणीच्या पुढील बाजूस सोडावे. शेवटच्या तोटीच्या पाण्याचा सामू ४ झाला की पाणी बंद करावे. एक दिवसानंतर नळ्या धुवाव्यात. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कदापि ओतू नये. हातमोजे व चष्मा वापरावा.

क्लोरीनप्रक्रिया: शेवाळ व जिवाणूंसाठी शेवटच्या तोटीपाशी दशलक्ष भागांत १० ते २० भाग क्लोरीन राहील इतक्या बेताने अर्धा ते एक तास द्रावण सोडावे व नंतर नळ्या धुवाव्यात. ब्लिचिंग पावडर वापरल्यास द्रावण निवळून वरचेच घ्यावे. तिचा चुना तोट्यांना अपायकारक असतो. आम्ल व क्लोरीनची द्रावणे एकत्र करू नयेत व शेजारी साठवूही नयेत. त्यांतून विषारी वायू निघतो व तो जीवघेणा ठरू शकतो.

खते: प्रथम स्वच्छ पाणी, मध्ये खत व शेवटी पुन्हा स्वच्छ पाणी, हा क्रम ठेवावा. खताचे पाणी नळीत मुक्कामास ठेवू नये.

कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

गावात सभा घेऊन भाषण करण्यापेक्षा एखाद्या बागेत पुढील मोजणी करून दाखवावी. चार उपनळ्या निवडाव्यात. प्रत्येकीवर तोंडाजवळ, एकतृतीयांशावर, दोनतृतीयांशावर व शेवटी, अशा चार तोट्या घ्याव्यात. या सोळा तोट्यांखाली भांडी ठेवून तीन मिनिटे पाणी गोळा करावे. ताशी ४ लिटरच्या तोटीने तीन मिनिटांत २०० मिलिलिटर पाणी दिले पाहिजे.

समजा, सोळा तोट्यांची सरासरी १८० मिलिलिटर भरली. सर्वांत कमी पाणी देणाऱ्या चार तोट्यांनी अनुक्रमे १२०, १३०, १४० व १५० मिलिलिटर दिले. त्यांची सरासरी १३५ झाली. १३५ ला १८० ने भागून १०० ने गुणले असता ७५ येतात. म्हणजे पाणीवाटपाची समानता ७५ टक्के आहे. ९० टक्क्यांवर ती उत्तम, ८० ते ९० पर्यंत चांगली व ७० च्या खाली असल्यास ताबडतोब उपाय हवा, असे समजावे. आकडे शेतकऱ्याच्या वहीत तारीखवार लिहून ठेवावेत. कमी पाणी देणाऱ्या तोट्या उपनळीच्या शेवटी एकवटल्या असतील, तर दोष नळ्या न धुण्याचा आहे असे बहुधा आढळेल. त्या सर्वत्र विखुरलेल्या असतील, तर क्षार अथवा जिवाणूंचा संशय घ्यावा.

उपसंहार

त्या डाळिंबाच्या बागेत पुढे काय झाले, हे सांगून लेख पुरा करतो. उपनळ्यांची शेवटची टोके दुमडून तारेने घट्ट बांधलेली होती. ठिबक बसवल्यापासून ती कधी सोडलेलीच नव्हती. पहिली तार कापली तेव्हा क्षणभर काहीच आले नाही. मग चिखलाची जाड वळी बाहेर पडली व तिच्यामागून काळे पाणी आले. चार-चार नळ्या उघडून सारी बाग आठवडाभरात तीनदा धुतली. बहुतेक तोट्या पूर्ववत झाल्या. काही बदलाव्या लागल्या. त्या हंगामात तडकलेली फळे मात्र परत मिळावयाची नव्हती. आम्लावर खर्च झालेले दोन आठवडे त्या फळांच्या वाढीचे होते. ती जबाबदारी माझी होती व ती मी त्या गृहस्थांपाशी मान्य केली. त्यांनी तार फेकून देऊन सर्व टोकांना सहज निघणाऱ्या टोप्या बसवल्या. पुढील भेटीच्या वेळी दर शनिवारच्या धुण्याची नोंद त्यांच्या सूनबाईंच्या हस्ताक्षरात वहीत आढळली.

केसाहून बारीक कणांपुढे शेतकरी हतबल नाही. कण कोठे पळतो व कोठे निजतो, हे एकदा उमगले, की एक बरणी, एक लिटरचे माप व आठवड्यातील एक तास एवढ्या साधनांवर बाग राखता येते. कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील एका तरी उपनळीचे शेवटचे तोंड या आठवड्यात उघडून पाहावे आणि सल्ला त्यानंतरच द्यावा.